डॉक्टरांची वही कुणाची?

आपल्या सोलापूर शहरातल्या एका दिवंगत डॉक्टर-संशोधकाच्या घरी कागदांनी भरलेली काही खोकी आहेत. दवाखान्यातल्या नोंदवह्या, प्रयोगांची टिपणं, छापून आलेल्या आणि साभार परत आलेल्या लेखांची हस्तलिखितं, सहकाऱ्यांची पत्रं, काही जुनी भांडणंही. ती विद्यापीठाच्या अभिलेखागाराला द्यावीत असं घरच्यांच्या मनात आहे, आणि हे कळल्यापासून ओळखीच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. नाव मी घेणार नाही. निर्णय कुटुंबाचा आहे आणि तो अजून व्हायचा आहे. पण त्यावरची चर्चा ऐकून गप्प बसवत नाही. एक तट म्हणतो, घरातलं आणि पेशंटांचं चव्हाट्यावर कशाला आणायचं? दुसरा म्हणतो, एवढा मोठा माणूस, त्यांच्या नावाचं दालन झालं पाहिजे, तसबीर लागली पाहिजे, निवडक पत्रं काचेच्या पेटीत मांडली पाहिजेत. दोन्हीकडच्यांना डॉक्टरांबद्दल मनापासून आदर आहे. पण एकाला त्यांची अब्रू जपायची आहे, दुसऱ्याला त्यांची थोरवी मिरवायची आहे, आणि त्या खोक्यांत खरोखर काय आहे याची विचारपूस दोघांपैकी कुणीच करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ती खोकी विद्यापीठात गेली पाहिजेत आणि सगळीच्या सगळी गेली पाहिजेत, आधी घरी बसून न निवडता. त्यातलं बरंचसं उघडं झालं पाहिजे. जे आज उघडं करणं योग्य नाही त्याला मुदतीचं कुलूप लागलं पाहिजे, आणि त्या कुलपाची तारीख यादीत कुणालाही वाचता आली पाहिजे. डॉक्टर मोठे होते म्हणून हे मी म्हणत नाही. त्या वह्या निम्म्या त्यांच्या आहेत आणि निम्म्या त्यांच्यासमोर स्टुलावर बसून खोकणाऱ्या माणसांच्या आहेत, म्हणून म्हणतो.

हे मला एका वहीने शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांची जुनी पुस्तकं घेऊन रद्दीच्या दुकानात गेलो होतो. काट्याशेजारी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा पडला होता, कुठल्याशा बंद झालेल्या दवाखान्याचा. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या, कडेला लाल कापडाची पट्टी. मी एक उघडून बघत राहिलो. 'घ्या की मालक, वजनावर देतो,' दुकानदार म्हणाला. मी एकच घेतली. सगळा गठ्ठा का उचलला नाही, याची रुखरुख अजून जात नाही. वहीत नाव, वय, काम, तक्रार, औषध असे रकाने हाताने आखलेले होते. कामाच्या रकान्यात गिरणी, माग, विडी, गिरणी, हमाली, पुन्हा विडी. आणि गिरणीत काम करणाऱ्या कितीतरी नावांपुढे, वेगवेगळ्या महिन्यांत, तेच शब्द: 'छाती आवळते, सुट्टीनंतर जास्त.'

तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नाही. पुढे वाचनात आलं की कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची, बिसिनोसिसची, हीच ओळखीची खूण. आठवड्याच्या सुट्टीनंतर माणूस कामावर परतला की पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडा सरेल तशी जरा सैल पडते. वर्षं गेली की सैल पडणं थांबतं. लँकशायरच्या गिरणी कामगारांची तपासणी करून रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या त्या याच लक्षणाच्या आधाराने. इथे, जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झालेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या धुळीत वाढलेल्या गावात, एक डॉक्टर तेच लक्षण रोज संध्याकाळी आपल्या वहीत उतरवत होता. त्याला त्यातला धागा दिसला होता का? त्याने कुणाला कळवलं होतं का, की नुसतंच लिहून ठेवलं? याचं उत्तर असलंच तर बाकीच्या वह्यांत असणार. त्या वह्यांचा लगदा झाला.

आणि यात कुणी काही बेकायदा केलं नाही, हे लक्षात घ्या. दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं जपाव्यात, असं वैद्यकीय परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. त्यापुढे केसपेपर कपाटात राहिला काय, रद्दीत गेला काय, कुणी विचारत नाही. म्हणजे 'ही कागदपत्रं विद्यापीठात ठेवायची की घरी' हा वाद आपण ज्या शांतपणे घालतो आहोत, तेवढी सवड वाळवीने, कसरीने आणि घर बदलण्याच्या घाईने आपल्याला दिलेलीच नाही. घरी ठेवणं म्हणजे जपणं, असं धरून चाललेल्यांनी आपल्याच घरातल्या आजोबांच्या ट्रंका आठवून पाहाव्यात.

मग दुसरा प्रश्न येतो. संशोधकाचे लेख छापून आलेले असताना कच्च्या वह्यांची गरज काय? महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम यासाठी आठवावं. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर दगावत होते, आणि हा तरुण डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवत होता. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हा जगभर मान्य झालेला निष्कर्ष कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत निघाला नाही. तो अशा रात्रींच्या टिपणांतून निघाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या पानावर त्यातला निष्कर्ष पोचतो. तिथे न पोचणारं खूप असतं: आधी कोणतं औषध देऊन पाहिलं आणि ते का फसलं, कोणता रुग्ण वाचेल असं वाटत असताना गेला, कोणत्या आजीने नातवाला कुठून खांद्यावर आणलं. पुढच्या पिढीच्या डॉक्टरला विचार कसा करावा हे शिकायचं असेल तर ते या पानांतूनच शिकता येतं.

आता विरोधकांच्या बाजूचं पहिलं मोठं म्हणणं. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. वहीतलं एखादं वाक्य, रागाच्या भरात लिहिलेलं एखादं पत्र कुणीतरी बाहेर काढणार, आणि आयुष्यभराच्या कामावर शिंतोडे उडणार. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लुई पाश्चरलाही ती होती. आपल्या प्रयोगशाळेतल्या वह्या कुणाला दाखवू नका, असं त्याने घरच्यांना बजावलं होतं, आणि घरच्यांनी ते दोन पिढ्या पाळलं. शेवटी नातवाने १९६४ मध्ये त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि १९७० च्या दशकात त्या अभ्यासकांना पाहायला मिळू लागल्या. निघालं काय? १८८१ साली पुई-ल-फोर गावात मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जो जाहीर प्रयोग झाला आणि ज्याने पाश्चरचं नाव दुमदुमलं, त्यात वापरलेली लस लोकांचा समज होता तशी हवेतल्या ऑक्सिजनने सौम्य केलेली नव्हती. त्याचा सहकारी शांबरलां याने रसायन वापरून केलेली ती लस होती, आणि ती रीत पाश्चरच्या प्रतिस्पर्ध्याच्या विचाराच्या जवळची होती. हे पाश्चरने उघडपणे सांगितलं नव्हतं. गोष्ट शोभणारी नाही. पण म्हणून १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या पोराला कुत्रा चावल्यावर दिलेली लस रद्द झाली का? शांबरलांच्या वाट्याचं श्रेय त्याला मिळालं, आणि देव्हाऱ्यातला पाश्चर घाईत असलेला, ईर्ष्येने पेटलेला, तरीही विलक्षण माणूस म्हणून समजू लागला. मला तर हा दुसरा पाश्चर विद्यार्थ्यांच्या जास्त उपयोगाचा वाटतो.

उलट बाजूही बघा. बंद कागदांनी किती संशोधकांचा घात केला, याचा हिशेब या चर्चेत कुणी मांडत नाही. प्लेगची लस मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेणारे वाल्डेमार हाफकीन आपल्याला माहीत आहेत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्यांची लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन यांना पद सोडावं लागलं. पण गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, अशी साक्ष चौकशीच्या कागदांत होती. बाटली उघडताना घाण वास आला नव्हता, हेही त्यांत होतं. जंतू मुंबईपासून आत वाढत आले असते तर तो यायला हवा होता. हे कागद छापून बाहेर यायला १९०६ साल संपत आलं. मग १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून जाहीर बाजू घेतली आणि हाफकीन निर्दोष ठरले. मधली वर्षं त्यांना कुणी परत दिली नाहीत. त्यांची अब्रू कशाने गेली आणि कशाने परत आली? गेली ती कागद दाबल्याने, आणि परत आली ती तेच कागद उघडल्याने.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या बाबतीत तर तेवढाही वेळ उरला नाही. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडात २५ जुलै १९७८ ला जन्मलं. मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी जन्मली. त्यांनी तर भ्रूण गोठवून ठेवून मग रोपण केलं होतं. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, बदली झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून जन्मलेलं बाळ भारतातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांच्या हाताची टिपणं आनंद कुमार यांच्या हातात पडली. त्यांनी ती बसून वाचली आणि 'करंट सायन्स'मध्ये लिहून टाकलं की पहिला मान आपला नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान दुसऱ्याच्या वहीतला पुरावा पाहून उतरवून ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. पण त्या टिपणांचे कागद कुणा सहकाऱ्याने जपले नसते तर? 'कशाला हवी ती जुनी बाडं' म्हणून आवराआवरीत गेले असते तर?

इथे कुणी म्हणेल, ही सगळी उदाहरणं कागदांतून संशोधकाचं भलं निघाल्याची. वाईट निघालं तर? निघतं, आणि तेव्हा तर ते उघडं होणं जास्तच गरजेचं असतं. अमेरिकेतल्या डॉ. जॉन कटलर यांनी आपली कागदपत्रं १९९० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाला दिली. कृष्णवर्णीय रुग्णांचा सिफिलिस उपचाराविना नुसता पाहत राहण्याच्या टस्कगीच्या कुप्रसिद्ध प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्या सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाई ती खोकी चाळत होत्या. त्यांत सापडलं ते भलतंच: १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालातल्या कैद्यांना, सैनिकांना, मनोरुग्णालयातल्या माणसांना आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना त्यांची संमती न घेता, मुद्दाम, गुप्तरोगांची लागण करण्याचे प्रयोग. १ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकन सरकारने ग्वाटेमालाची जाहीर माफी मागितली. साठ वर्षांहून जास्त काळ त्या माणसांच्या यातनांचा पत्ता जगाला नव्हता, आणि पत्ता लागला तो विद्यापीठाच्या अभिलेखागारातल्या खोक्यांतून. कटलर यांच्या घरच्यांनी 'निवडक' कागद दिले असते तर त्या ग्वाटेमालाच्या माणसांचं काय झालं असतं?

म्हणून 'निवडक' या शब्दाची मला धास्ती वाटते. दालनवाल्या मंडळींच्या तोंडी तो वारंवार येतो आहे. निवडणार कोण? मुलगा, सून, डॉक्टरांचा लाडका विद्यार्थी. सगळी प्रेमाची माणसं, आणि म्हणूनच या कामाला अपात्र. फसलेल्या प्रयोगाची वही काढून टाकताना त्यांचा हात जराही थरथरणार नाही, कारण त्यांना ते बाबांवरचं प्रेम वाटेल. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर चढून, बासनं सोडवून, चिठोऱ्यासुद्धा उचलून आणणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या परंपरेतले आपण. कुणा सरदाराच्या वंशजाने 'हे आमच्या घराण्याला शोभत नाही' म्हणून दाखवायचं टाळलेल्या पत्रात अर्धा इतिहास असतो, हे त्या पिढीने अनुभवाने ओळखलं होतं. पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रज सरकारने कित्येक दशकं अभ्यासकांसाठी बंदच ठेवलं, कारण त्यातून वतनांचे हक्क आणि राजकीय अडचणी निघतील अशी भीती. अखेर इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या हाती ते काम आलं आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ४५ खंडही निवडकच. पण मूळ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, जागेवर होते, त्यामुळे निवड कशी केली हे पुढच्या अभ्यासकाला तपासून पाहता आलं. निवड करायची तर ती अशी करावी. काचेच्या पेटीत दहा पत्रं आणि बाकीची बंबात, अशी नव्हे.

आता ज्या आक्षेपाने मी स्वतः रात्र-रात्र अडलो आहे त्याकडे येतो. रुग्णांचं काय? डॉक्टरांसमोर माणूस जे बोलतो ते देवासमोरही बोलत नाही. त्या वहीत क्षयरोगाची नोंद आहे, जी त्या काळात लग्न मोडायला पुरेशी होती. महारोगाची आहे. 'गरमी'ची आहे, आणि ती नवऱ्याकडून बायकोला आली की उलट, याचीही असेल. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याआधी घाबरत रात्री दवाखान्यात आलेल्या एखाद्या मुलीसाठी डॉक्टरांनी जे केलं ते तेव्हा गुन्हा होता, आणि ती मुलगी आज कुणाची तरी आजी आहे. सोलापूर केवढं मोठं झालं तरी पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीचं नाव, घरचा धंदा आणि वय एवढं सांगितलं की माणूस ओळखू येतो. नाव झाकून उपयोग नसतो. 'नावं खोडून टाकू' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं नाही. डॉक्टरांनी विश्वास पाळला, आणि त्यांच्या माघारी आपण तो मोडायचा? हा आक्षेप घेणाऱ्यांपुढे मी मान झुकवतो. त्यांची काळजी या चर्चेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.

पण या काळजीतून 'म्हणून जाळून टाका' किंवा 'म्हणून कायम बंद ठेवा' हे कसं निघतं? त्या मुलीचा विश्वास राखायला कुलूप लागतं, काडी लागत नाही. जगभरच्या वैद्यकीय अभिलेखागारांची रीत हीच आहे की रुग्णाची ओळख पटेल असा कागद माणसाच्या आयुष्याएवढा किंवा त्याहून जास्त काळ बंद राहतो. अमेरिकेत तर मृत्यूनंतर ५० वर्षं रुग्णाच्या माहितीला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संशोधन आणि अभिलेखन यांना सवलत ठेवली आहे, तीही ठरवलेली मानकं पाळण्याच्या अटीवर. अट चांगली आहे, ती मोजून पाळावी. रुग्णांच्या नोंदवह्या वेगळ्या काढाव्यात, ७५ किंवा १०० वर्षांची मुदत घालावी, त्याआधी कुणाला आजाराचे आकडे काढायचे असतील तर लेखी हमी घेऊन, नाव बाहेर न नेण्याच्या शर्तीवर, देखरेखीखाली पाहू द्यावं. आणि हे कुलूप नियमाचं असावं, मर्जीचं नसावं. ओळखीच्या प्राध्यापकाला उघडं आणि अनोळखी विद्यार्थिनीला बंद, असं झालं की त्या कुलपात गोपनीयता उरत नाही, मक्तेदारी उरते.

यापुढे एक गोष्ट आहे जी गोपनीयतेच्या बाजूचे लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळा वाद तिथे येऊन ठेपतो. ज्यांच्यासाठी आपण एवढे हळवे होतो आहोत त्या गिरणीतल्या, मागावरच्या, विड्या वळणाऱ्या माणसांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. गिरणीमालकांची चरित्रं आहेत, गिरण्यांचे ताळेबंद आहेत. १९३० च्या मार्शल लॉचे आणि चार हुतात्म्यांवरच्या खटल्याचे सरकारी कागद आहेत. पण मल्लय्याच्या छातीत कोणत्या दिवशी कळ येत होती, तंबाखूच्या भुकटीत बसून बसून नरसम्माला वयाच्या चाळिशीत दिवसातून किती वेळा खोकल्याची उबळ येत होती, हे (नावं मी कल्पिलेली आहेत) जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं: त्यांच्या डॉक्टरच्या वहीत. ती वही नष्ट करून आपण त्यांची लाज राखत नाही, त्यांचं असणंच पुसतो. शंभर वर्षांनी या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याला चादरीचं वजन सापडेल आणि ती विणणाऱ्याच्या फुफ्फुसाची अवस्था सापडणार नाही. त्या माणसांना आज कुणी विचारू शकत असतं तर त्यांनी काय निवडलं असतं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण 'आमचं दुखणं कुणाला कळूच देऊ नका' असं सगळ्यांनी सांगितलं असतं, हे गृहीत धरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

व्यवहाराचे आक्षेप उरतात, आणि तेही हलके नाहीत. आपल्या विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवलंच जात नाही. शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, सोलापूर विद्यापीठ २००४ चं, आणि राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. म्हणजे डॉक्टरांचे कागद कुणाचे, या प्रश्नात दोन विद्यापीठं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. पण हे कागद वैद्यकशास्त्राइतकेच समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि भाषेचेही आहेत. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडचे तेलुगू, कन्नड, दखनी शब्द जसेच्या तसे देवनागरीत लिहिलेले असतात; 'दम्मु' म्हणजे काय हे नाशिकच्या किंवा दिल्लीच्या वाचकाला टीप देऊन सांगावं लागेल, इथल्या पोरांना ते घरात कळतं. काही जण पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला पाठवा म्हणतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २०१९ पासून विज्ञानाच्या इतिहासाचं सुरेख अभिलेखागार उभं राहिलं आहे, त्यांचं काम शिकण्यासारखंच आहे. स्कॅन केलेली प्रत तिथे जरूर जावी. मूळ कागद मात्र ज्या शहराचे आहेत तिथेच राहावेत, म्हणजे केगावला आपल्या विद्यापीठाच्या वर्गात बसलेल्या मुलीला स्वतःच्या पणज्याच्या गिरणीबद्दल वाचायला रेल्वेचं तिकीट काढावं लागणार नाही.

विद्यापीठं कागद जपतील का, ही शंका रास्त आहे. आपल्याकडे खोकी स्वीकारायला समारंभ होतो, आणि नंतर ती जिन्याखाली जातात. एप्रिल-मेच्या उन्हात इथे पत्र्याखालचा कागद पापडासारखा तडकतो. पैसे हवेत, प्रशिक्षित माणूस हवा, वाळवीपासून दूर लोखंडी कपाटं हवीत. आणि ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमावाने जो हल्ला केला तो पाहिलेल्या पिढीला, कागद एका जागी गोळा करणं म्हणजे जमावाला पत्ता देणं आहे, असंही वाटू शकतं. यावर माझ्याकडे धीराचे शब्द नाहीत, अटी आहेत. दानपत्रात लिहून घ्या: सहा महिन्यांत यादी, दोन वर्षांत स्कॅन, दोन शहरांत प्रती, वर्षातून एकदा तपासणी, आणि हे झालं नाही तर कागद परत. देणाऱ्याने अट घालणं हा घेणाऱ्याचा अपमान नव्हे. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र आणि १८८६ चा त्यांचा प्रबंध आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने जपला आहे आणि तो मी सोलापुरात बसून पडद्यावर वाचू शकतो. कल्याणात जन्मलेल्या, एकविसाव्या वर्षी पुण्यात गेलेल्या मुलीचं अक्षर सातासमुद्रापार टिकलं, कारण तिथे कुणीतरी ते टिकवणं हे आपलं रोजचं काम मानलं. त्यात चमत्कार काही नव्हता.

आणि शेवटी ज्या नावाशिवाय सोलापुरात वैद्यकावर बोलता येत नाही, ते नाव. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं स्मारक आहे, आणि ते असलंच पाहिजे. १९१० मध्ये इथे जन्मलेला, १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच, बत्तिसाव्या वर्षी, देह ठेवलेला हा डॉक्टर आपला अभिमान आहे. पण शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. त्यांना कोटणीस हुतात्मा म्हणून माहीत आहेत, शल्यविशारद म्हणून नाहीत. बॉम्बच्या वर्षावात, भूल देण्याचं औषध तुटपुंजं असताना, परक्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत त्यांनी शस्त्रक्रिया कशा केल्या, हे पुतळ्याकडे पाहून कळत नाही. ते पत्रांतून, टिपणांतून, सहकाऱ्यांच्या रोजनिशीतूनच कळतं. पुतळ्याला आपण वर्षातून दोनदा हार घालतो. त्यांचं वैद्यक शिकायला एखादं पोर किती वेळा येऊन बसेल, हे आपण त्याला काय वाचायला देतो यावर आहे.

रद्दीतून उचललेली ती लाल पट्टीची वही इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे. तिच्यावर माझा हक्क काय, हा प्रश्न मीही टाळत आलो. डॉक्टरांच्या घरची खोकी कुठे जायची ती जावोत, ही वही मी विद्यापीठाला लिहून देणार आहे. सोबतचा कागद तयार केला आहे. रुग्णांची नावं आणि पत्ते असलेला रकाना शंभर वर्षांपर्यंत बंद. वय, काम, तक्रार आणि औषध हे चार रकाने पहिल्या दिवसापासून कुणालाही पाहायला खुले. नावाचा रकाना डावीकडे आहे, वही उघडली की आधी तोच दिसतो. म्हणून स्कॅन करताना त्यावर ठेवायला मी पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी कापून वहीतच घालून ठेवली आहे.